स्वच्छ प्रत

महापेला चौथ्या मजल्यावर, रात्री साडेदहाला
कानाला हेडफोन, पायाखाली पेडल.
पेडल दाबलं की साहेब बोलतो,
टाच टेकवली की मागे सरकतो
आणि गिळलेला शब्द परत काढून देतो.
आत्या शिलाई मशीनवर बसायची तशीच बसते मी,
फक्त इथं कापड इंग्लंडहून येतं
आणि शिवण्यापेक्षा उसवणंच जास्त.

नियमांचा कागद मॉनिटरला चिकटवलाय:
अं, वेल, यू नो, आय मीन, सॉर्ट ऑफ –
सगळं गाळा. गिऱ्हाइकाला स्वच्छ प्रत हवी.
डोकं, शेपूट, आतडं.
दिवाळ्याच्या जेटीवर आई बोंबलांचं हेच करते,
तिला कुणी टक्के काढून दाखवत नाही एवढंच.

पहिल्या महिन्यात वाटलं,
किती भितात ही माणसं!
आय'म अफ्रेड, रविवारी आम्ही बंद असतो.
अहो, मग त्यात भ्यायचं काय?
आय'म अफ्रेड सो. आय'म अफ्रेड नॉट.
आणि हीच भित्री बाई
एक कप चहासाठी खून करायला तयार,
आणि जो तिला अर्धा तास ताटकळत ठेवतो
त्याचीच माफी मागते.
नॉट टू बॅड म्हणजे उत्तम.
क्वाइट गुड म्हणजे राहू दे.
विथ रिस्पेक्ट आलं की ओळखायचं,
मागून शिवी येतेय, टाय लावून.
एक जण दर तिसऱ्या वाक्याला
टू बी ऑनेस्ट म्हणतो.
मग मधली दोन?

घरी सांगितलं, हसून हसून सांगितलं.
आईनं विळीवरून मान वर केली नाही.
"आन् तू जाताना येते म्हनतेस, ता काय?"

मी गप्प.
नारळ वाढवतो आम्ही, फोडत नाही.
बांगडी वाढते. दुकान वाढवतात. दिवा शांत होतो.
कुणाला फसवतो, कोण जाणे.

मग फाइल आली, एक्केचाळीस सतरा.
मिस्टर ऑल्डरसन, गाव ग्रिम्सबी.
तिथंही होड्या लागतात, हे मागाहून कळलं.
गाडीचा विमा, दोघांच्या नावावरचा.
एक नाव काढायचंय.
शी, वेल, मंगळवारी, यू नो.
आय मीन. यू नो.
सो. देअर वी आर.
पलीकडची मुलगी म्हणते, आय'म अफ्रेड
दाखला लागेल.
तो म्हणतो, ऑफ कोर्स, ऑफ कोर्स, सॉरी.
कसे आहात विचारलं तर: मस्टन्ट ग्रम्बल.
मग बेअर विथ मी,
आणि चाळीस सेकंद नुसती किटली.

नियमाप्रमाणे साफ केलं.
माझी पत्नी. मंगळवारी.
नाव काढा. धन्यवाद.
नऊ मिनिटांच्या दोन ओळी.
डोकं गेलं, शेपूट गेलं, आतडं गेलं
आणि हातात मासाच नव्हता.

तेवीस यू नो होते. बावीस काढले.
एक ठेवला, मंगळवारच्या पुढचा.
प्रभंजन सरांनी त्याला लाल गोल केला,
नव्याण्णव पॉइंट एक,
आठवड्याचा इन्सेंटिव्ह गेला.
चूक झाली सर, म्हणाले.
टू बी ऑनेस्ट, झाली नव्हती.

सकाळी घरी येऊन आडवी पडते
तोवर दम्मामहून धनेशचा फोन.
बाकी?
बाकी काय नाय.
आई?
बरी हाय. बाकी?
बाकी काय. चाललंय.
बाबांची होडी विकली त्याला आता वर्ष होईल,
त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.
चल मग.
चल.
बाकी?
साफ करायला घेतलं तर कोरा कागद.

फोन ठेवला
तरी माझा उजवा पाय गोधडीखाली
टाच टेकवायला
काहीतरी शोधत होता.